जुन्या वजनाचे रिपोर्ट

आजकाल आपल्या प्रत्येक घरात एक फाईल असते. रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या शेजारी, कपाटाच्या वरच्या खणात. तिच्यात साखरेचे, थायरॉइडचे, हिमोग्लोबिनचे कागद असतात आणि घडी घालून घालून मऊ झालेली ईसीजीची पट्टी असते. फाईल वर्षागणिक जाड होत जाते, पण वाचतो कोण? आपण कागदावर ‘नॉर्मल’ हा शब्द शोधतो. सापडला की अल्हम्दुलिल्लाह म्हणून फाईल मिटतो, नाही सापडला की त्या रात्री घरात कुणाला जेवण जात नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. डॉक्टरकीचा आणि माझा संबंध नाही. पण गेल्या वर्षी छातीतल्या धडधडीमुळे या कागदांशी बराच परिचय झाला. त्यातून जी एक गोष्ट कळली ती वाचक भगिनींना सांगावीशी वाटते. रिपोर्ट हा त्या दिवसाचा आणि त्या दिवशीच्या शरीराचा असतो. वजन उतरले म्हणजे शरीर बदलले. मग जुना रिपोर्ट आणि जुन्या मापाने ठरलेली गोळी, दोन्ही पुन्हा तपासून घ्यावे लागतात.

माझे वय चव्वेचाळीस, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन होते ७४ किलो. आम्ही जोगेश्वरीला राहतो, शाळा अंधेरीला. दिवसभर उभे राहून शिकवायचे, घरी येऊन स्वयंपाक, मग वह्या तपासायच्या. या धावपळीला आपण व्यायाम समजतो, पण वजनाचा काटा तसे समजत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. २०२१ साली मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने शहरात पाहणी केली होती. त्यात ४६ टक्के प्रौढांचे वजन जास्त आणि ३४ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातही साखर आणि हृदयाचे आजार गाठतात, म्हणून भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी मापेही कडक ठेवली आहेत. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी आणि पुरुषाची ९०च्या आत.

माझे मामू पन्नाशी गाठण्याआधीच हृदयविकाराने गेले. ती आठवण घरात सगळ्यांच्या मनात आहे. म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले तेव्हा मी ते मनावर घेतले. भात निम्मा केला, ताटात भाजी वाढवली, बिर्याणी महिन्यातून एकदा, चहा बिनसाखरेचा, मासे तळण्याऐवजी कालवणात. रोज फजरनंतर चाळीस मिनिटे चालणे. कुठली पावडर नाही, कुठली गोळी नाही. नऊ महिन्यांत ७४ चे ६३ किलो झाले. शादीच्या हॉलमध्ये बायका हात धरून विचारू लागल्या, “माशाअल्लाह, किती बारीक झालात! काय खाता?”

धडधड सुरू झाली ती याच कौतुकाच्या दिवसांत. रात्री डाव्या कुशीवर वळले की उशीत ठोके ऐकू यायचे. कधी वाटायचे एक ठोका गळला, आणि पुढचा छातीवर थाप मारल्यासारखा यायचा. अंधेरी स्टेशनचा पूल चढताना धडधडले तर समजू शकते, पण वर्गात खुर्चीवर बसून हजेरी घेतानाही नाडी शंभरच्या वर. फळ्यावर लिहिताना हात किंचित थरथरू लागला. उर्दूच्या अक्षरांत नुक्ते जागेवर पडेनात. मुली एकमेकींकडे पाहून हसल्या, मला मात्र हसू आले नाही.

घरात प्रत्येकाने आपापले निदान केले. जाऊबाई म्हणाल्या, टेन्शन आहे. घाटकोपरच्या आपा फोनवर म्हणाल्या, “तू उपाशी राहतेस, अशक्तपणा आलाय.” अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नजर उतरवली. माझे शौहर काही बोलले नाहीत, पण मामूंची आठवण त्यांनाही झाली असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो.

पहिली तपासणी ईसीजीची. ती नॉर्मल आली. आनंद झाला, पण धडधड थांबली नाही. मग नॉर्मल म्हणजे काय? हृदयाचे ठोके विजेच्या बारीक लहरींवर चालतात, त्या लहरींचा आलेख म्हणजे ईसीजी. हॉलंडचे विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे यंत्र बनवले. तेव्हा माणसाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावे लागे. या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले. आता तेच काम छातीला आणि हातापायांना चिकटवलेल्या पट्ट्या करतात. पण साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. दिवसभरात हृदय सुमारे एक लाख वेळा धडकते, त्यातले बारा-पंधरा ठोके त्या कागदावर येतात. त्या दहा सेकंदांत धडधड झाली नाही, तर ती कागदावर दिसणार कशी? म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, माझा त्रासही खोटा नव्हता. दोघांची गाठ पडली नव्हती एवढेच. म्हणून धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर त्याला सर्वात जास्त किंमत असते. जवळचा दवाखाना असो की महापालिकेचे कूपर किंवा राजावाडी रुग्णालय, त्या वेळी पोहोचता आले तर पोहोचावे.

मग हृदयाच्या डॉक्टरांनी टू-डी इको करायला सांगितले. ही सोनोग्राफीच. आवाजाच्या लहरींनी हृदयाचे चित्र दिसते. झडपा नीट उघडतात का, भिंती किती जाड आहेत, रक्त किती जोराने फेकले जाते, हे सगळे कळते. रिपोर्टमध्ये ‘ईएफ ६० टक्के’ असे लिहून आले. अम्मींचा चेहरा पडला. “साठच? फर्स्ट क्लास तर आहे, पण डिस्टिंक्शन नाही!” मास्तरणीच्या घरात सगळे मार्कांतच मोजले जाते. मग समजले की एका ठोक्यात हृदय आपल्यातले सगळे रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकले की ते हृदय उत्तम. इथे शंभरपैकी साठ म्हणजे पूर्ण मार्क. रिपोर्टमध्ये एका झडपेपुढे ‘ट्रिव्हियल’ गळती असेही लिहिले होते. डॉक्टरांनी सांगितले, एवढी किंचित गळती कितीतरी निरोगी माणसांत दिसते, तिच्यावर झोप घालवायची नाही.

नंतर पट्ट्यावर चालण्याची स्ट्रेस टेस्ट. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. २२० मधून वय वजा करायचे, म्हणजे माझे १७६, त्याच्या ८५ टक्के म्हणजे सुमारे १५० पर्यंत ठोके न्यायचे आणि त्या वेळचा ईसीजी बघायचा. रिपोर्ट आला ‘निगेटिव्ह’. फोनवर हा शब्द ऐकून आपा रडायलाच लागल्या. त्यांना समजावले की इथे निगेटिव्ह म्हणजे चांगले, रक्त कमी पडत असल्याची खूण सापडली नाही. उलट बायकांमध्ये ही टेस्ट कधी कधी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येते. तेव्हा तसे आले तरी लगेच धीर सोडू नये, पुढची तपासणी करावी.

इथे भगिनींना एक सांगते. या तपासण्यांसाठी छाती उघडी करावी लागते, या संकोचाने पुष्कळ जणी महिनोन्‌महिने टाळतात. तपासणीची वेळ घेतानाच महिला टेक्निशियन आहे का, हे विचारावे. पुष्कळ ठिकाणी असते, आणि पडद्याची सोय करून द्या असे म्हणायचा आपल्याला हक्क आहे. स्ट्रेस टेस्टला सैल सलवार-कमीज आणि पट्ट्याचे बूट घालून जावे.

शेवटी होल्टर लावले. अमेरिकेच्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात चालत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे पहिले यंत्र बनवले, ते पाठीवर घ्यायचे आणि सुमारे ३८ किलोचे होते. आता ते मोबाईलपेक्षा लहान आहे, गळ्यात अडकवले की चोवीस तास नोंद होत राहते. आंघोळ करायची नाही, वुजू मात्र सांभाळून करता येतो. धडधड झाली की बटण दाबायचे आणि सोबतच्या कागदावर वेळ लिहायची. हा कागद पुष्कळ लोक कोरा परत देतात. मी वर्गशिक्षिका, रोजनिशी भरण्याची सवय. तीन वाजून दहा मिनिटे, वह्या तपासत होते. सात वाजून चाळीस, जिना चढले. रात्री दीड, झोपेतून जाग आली. असे सात वेळा लिहिले.

रिपोर्ट बघताना डॉक्टरांनी माझा कागद शेजारी ठेवला. चोवीस तासांत सुमारे १ लाख ३५ हजार ठोके, सरासरी मिनिटाला ९४. त्यात वेळेआधी पडलेले, ज्यांना ‘व्हीपीसी’ म्हणतात ते ४३०. आकडा ऐकून शौहर सावरून बसले. डॉक्टर म्हणाले, “टीचर, टक्केवारी काढा.” काढली, तर अर्धा टक्काही नाही. हृदयाची रचना निरोगी असेल तर इतके आगंतुक ठोके सहसा धोक्याचे नसतात. ठोका गळल्यासारखे का वाटते, तेही कळले. एक ठोका वेळेआधी पडतो, नंतर जरा थांबा येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरते आणि पुढचा ठोका जोराचा बसतो. आपल्याला जाणवतो तो हा पुढचा ठोका.

पण डॉक्टरांचे बोट ४३० वर थांबले नाही, रात्रीच्या आकड्यांवर थांबले. गाढ झोपेतही माझे ठोके ७६च्या खाली उतरले नव्हते. ते म्हणाले, टेन्शनवाल्याचे हृदय झोपेत शांत होते. तुमचे झोपेतही धावते आहे, म्हणजे त्याला कोणीतरी आतून पळवते आहे. आणि त्यांनी विचारले, “रोज कुठली गोळी घेता?”

मी गेली अकरा वर्षे थायरॉइडची गोळी घेते, १२५ मायक्रोग्रॅमची. थायरॉइडचा मागचा रिपोर्ट नॉर्मल होता, पुढची तपासणी वर्षाने ठरली होती आणि वर्ष अजून भरले नव्हते. डॉक्टरांनी त्या रिपोर्टवरची तारीख पाहिली आणि म्हणाले, “हा ७४ किलोच्या बाईचा रिपोर्ट आहे. माझ्यासमोर ६३ किलोची बाई बसली आहे.”

मग त्यांनी फळ्यावर गणित मांडावे तसे सांगितले. ज्यांची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ काम करत नाही त्यांना साधारणपणे दर किलो वजनाला १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते. ७४ किलोला सुमारे ११८, ६३ किलोला सुमारे १०१. वजन उतरले, गोळी तेवढीच राहिली, म्हणजे रोज थोडी जास्त पोटात जात होती. जास्त थायरॉइड हृदयाला पळवते, हात थरथरवते, झोप उडवते आणि वजनही उतरवते. शेवटच्या दोन महिन्यांत माझे चार किलो भराभर गेले होते. ज्याचे कौतुक होत होते त्यातले काही तर आजाराचेच होते!

रक्त तपासले. टीएसएच हवे साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान, माझे आले ०.०६. जाऊबाईंना हेही उलटे वाटले, “कमी आहे ना, मग गोळी वाढवा!” पण टीएसएच हा मेंदूकडून थायरॉइडला जाणारा हुकूम आहे. शरीरात औषध जास्त झाले की मेंदू हुकूम देणे बंद करतो, म्हणून आकडा खाली जातो. डॉक्टरांनी आणखी एक विचारले, केसांसाठी बायोटिन घेता का? वजन उतरताना केस गळतात म्हणून पुष्कळ जणी या गोळ्या घेतात, आणि त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. मी घेत नव्हते. हिमोग्लोबिन मात्र १०.१ निघाले, बाईला ते किमान १२ हवे. रक्त पातळ असले की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावे लागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळले होते. म्हणजे आपांचे निदानही अगदीच वाया गेले नाही.

गोळी १०० ची झाली, लोहाची गोळी सुरू झाली. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवायचे, नाहीतर लोह थायरॉइडच्या औषधाला शरीरात शिरू देत नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच १.९ आले. झोप परतली, नुक्ते जागेवर पडू लागले. एखादा ठोका अजूनही कधी गळतो, मी नाडी मोजते आणि कामाला लागते. वेळीच कळले हे बरे झाले. थायरॉइड वर्षानुवर्षे जास्त राहिले तर हृदयाची लय कायमची बिघडू शकते, त्यातून लकव्याचा धोका येतो, आणि बायकांची हाडेही ठिसूळ होतात.

हे फक्त थायरॉइडपुरते नाही. माझ्याबरोबर सकाळी चालू लागलेल्या अब्बांचे, म्हणजे सासऱ्यांचे, सात किलो वजन उतरले. त्यांना सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रक्तदाबाच्या गोळ्या जुन्या वजनाच्या होत्या. डॉक्टरांनी दाब मोजून एक कमी केली. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांचेही असेच. वजन उतरले, खाणे घटले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर खाली जाते, तेव्हा घाम सुटतो, हात कापतात, धडधड होते. माप कमी करायचे ते डॉक्टरांनी. आपण मनाने गोळी बंद करायची नाही, फक्त त्यांना नवे वजन सांगायचे. रमजानसाठीही हेच. रोजे सुरू होण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. इफ्तारनंतर आधी पुरेसे पाणी प्यावे, चहाचे कप मोजून घ्यावेत. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, ती घेताना शरम वाटायचे कारण नाही.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, “आपा, तुमची ती थायरॉइडची गोळी मी घेतली तर बारीक होईन का?” हे ऐकून अंगावर काटा आला. निरोगी माणसाने ही गोळी वजनासाठी घेणे धोक्याचे आहे. अमेरिकेत तर तिच्या माहितीपत्रकावर चौकटीत तसा इशारा छापतात. बारीक करणाऱ्या औषधांचा इतिहास चांगला नाही. सिब्युट्रामीन नावाचे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली बंद झाले. १९७०च्या दशकात अमेरिकेत फक्त प्रोटीनच्या द्रवावर राहण्याची टूम निघाली होती, त्यात सुमारे ६० माणसे दगावली, पुष्कळांच्या हृदयाची लय बिघडून. २०२५ पासून आपल्याकडे आठवड्याला टोचायची नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. त्यांनीही नाडीचे ठोके थोडे वाढतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे फाईल शोधत बसायचे नाही. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, दम लागला, किंवा धडधड थांबेचना, तर १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. चालता-धावताना धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधार येत असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. मी मामूंचे सांगितले, म्हणूनच माझ्या तपासण्या इतक्या बारकाईने झाल्या.

आता घरातल्या प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात मी पेनने त्या दिवशीचे वजन लिहिते आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या तेही. मुलीला मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटे ठेवून नाडी मोजायला शिकवली आहे. तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. शांत बसल्यावर ६० ते १०० च्या दरम्यान आली की ठीक. परवा तिने अब्बांची मोजली आणि वहीत लिहून ठेवली, ७२. दर पाच किलो वजन उतरले की डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा, असे आमच्या घरात ठरले आहे: “माझ्या गोळ्या अजून माझ्याच मापाच्या आहेत ना?” अल्लाह सगळ्यांना सेहत देवो.